दोन तासांनंतरचा फोटो

थेल्मा गेल्याचं मला समुद्रावर कळलं.

आमच्या बेटावर मरणाची बातमी रेडिओवरून देत नाहीत. एकाच चॅनेलवर साठ बोटी कान लावून असतात, आणि कुणाचं मरण असं चारचौघांत ओरडून सांगायचं नसतं. धक्क्यावरून फक्त एवढंच म्हणतात, "अमक्या, पिंजरे तसेच सोड आणि परत ये." मग ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि बाकीच्या एकोणसाठ बोटींनाही कळतं.

तो नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार होता. शेवंडीचा हंगाम सुरू होऊन सोळा दिवस झाले होते. माझा खलाशी बर्पी दोर ओढत होता आणि त्याच्या सासूच्या नव्या कवळीबद्दल सांगत होता. "पाव चावत नाही म्हणते त्या दातांनी. मला मात्र बरोबर चावते." पिंजरा पाण्याबाहेर आला तेवढ्यात रेडिओवर धक्क्यावरच्या आर्डेलचा आवाज आला.

"लॉर्न, पिंजरे तसेच सोड आणि परत ये."

मग कोल्बी बोलला. कोल्बी आणि मी पिंजरे टाकायच्या जागेवरून भांडलो होतो आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. तो म्हणाला, "लॉर्न, तुझे राहिलेले पिंजरे मी बघतो." एवढंच.

पिंजऱ्यात तीन चांगल्या शेवंडी होत्या. बर्पीने पिंजरा तसाच परत पाण्यात सोडला.

"नुसती सुई तर टोचायची होती," मी म्हणालो.

"हो रे," बर्पी म्हणाला. पुढे तो धक्क्यापर्यंत बोलला नाही. बर्पीला गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

दुपारच्या फेरीबोटीने मी पलीकडे गेलो आणि तिथून शहरातल्या मोठ्या इस्पितळात. थेल्माची धाकटी बहीण, माझी मेव्हणी मेव्हिस तिच्यासोबत गेली होती. ती कॉरिडॉरमध्ये बसली होती, मांडीवर थेल्माचा कोट. शेजारी डॉक्टर प्रिंगल उभे होते. त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि माझ्यासारख्याला कळेल असंच सांगितलं. थेल्माच्या लिव्हरमध्ये दोन मुठींएवढी गाठ होती. कॅन्सर असावा अशा समजुतीने त्यांनी तुकडा काढायला सुई घातली. रक्त वाहायला लागलं ते थांबेना. पोट उघडलं तर तो कॅन्सर नव्हताच. रक्तवाहिन्यांचा गुंता होता, जन्मापासून असलेला, स्पंजसारखा रक्ताने भरलेला. त्या गुंत्यात रक्त साकळत होतं आणि रक्त गोठवायला जे लागतं ते सगळं तिथेच संपत होतं. बाकीच्या शरीरासाठी काही उरत नव्हतं.

"अशी गाठ आहे हे आधी कळलं असतं तर मी तिला सुई लावली नसती," डॉक्टर म्हणाले. "आधी रक्त ताळ्यावर आणलं असतं, मग हॅलिफॅक्सला पाठवलं असतं. तिथले लोक अशा गाठी बंद करतात."

"मग आधी का नाही कळलं?" मेव्हिसने विचारलं.

डॉक्टरांनी फाइल उघडली. न्यूक्लियर स्कॅनचा पहिला फोटो होता. दोन तासांनंतरचा दुसरा नव्हता. त्याच्या जागी एक कागद होता. पेशंट स्वतःच्या इच्छेने दुसऱ्या फोटोआधी जात आहे, असं त्यावर लिहिलेलं. खाली थेल्माची सही होती.

मेव्हिसने ती सही बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"ती का निघून गेली, लॉर्न?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

मला माहीत होतं.

*

त्या उन्हाळ्यात थेल्माच्या अंगावर निळे-काळे डाग उठायला लागले होते. ती हेरिंगच्या कारखान्यात मासे भरायची, म्हणायची खोकी लागतात. मेव्हिस तर सगळ्यांसमोर मला म्हणाली, "काय रे मेल्या, हात उगारतोस का काय माझ्या बहिणीवर?" थेल्मा हसली. "त्याची हिंमत आहे?" मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा बेटावरच्या नर्सने तिचं रक्त तपासायला पाठवलं. प्लेटलेट्स फारच कमी होत्या. शहरात सोनोग्राफी झाली आणि गाठ दिसली. कॅन्सर, नाहीतर रक्तवाहिन्यांची गाठ, दोन्हींतलं एक. कुठलं ते ओळखायला स्कॅन करायचा होता, त्यात तिचंच रक्त वापरणार होते.

स्कॅनची तारीख आली ती पिंजरे टाकायच्या दिवसाच्या आदल्या दिवशीची, सोमवारची.

पिंजरे टाकायचा दिवस म्हणजे नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. पहाटे भोंगा झाला की सगळ्या बोटी एकदम सुटतात. जो आधी पोचेल त्याला चांगला तळ मिळतो, आणि तो हंगामभर त्याचा. उशीर झाला तर जुलैपर्यंत हात चोळत बसायचं. आणि आमच्याकडे एक रीत आहे. त्या पहाटे बोटीचा दोर खुंटावरून घरच्या बाईने सोडायचा. बायको, आई, मुलगी, कुणीही, पण घरची. शेजारणीने सोडलेला चालत नाही. रसेलची बायको बाळंतपणाला पलीकडे गेली होती त्या वर्षी त्याने स्वतः दोर सोडला, आणि फेब्रुवारीत त्याचा खलाशी बुडून मेला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही हे मला कळतं. पण त्यानंतर बेटावर कुणी स्वतःचा दोर सोडलेला नाही. माझा दोर थेल्माने एकतीस वर्षं सोडला होता. आम्हाला मूल नव्हतं. घरची बाई ती एकटीच.

सकाळच्या पहिल्या फेरीने आम्ही गेलो. स्कॅन नऊला होता. पण त्याचं किरणोत्सर्गी औषध माँट्रियलहून विमानाने येतं, आणि धुक्यामुळे विमान उतरत नव्हतं. आम्ही बाकावर बसलो. थेल्मा कागदी पिशवीतलं समुद्राचं वाळवलेलं शेवाळ चघळत होती. स्कॅन करणारी मुलगी क्लॉडेट, उत्तर किनाऱ्याकडची, फ्रेंच बोलणाऱ्यांतली, सारखी येऊन माफी मागत होती. थेल्माने तिच्यापुढे पिशवी धरली.

"अगं बाई, हे तर आमच्याकडे आजी खायची," क्लॉडेट म्हणाली आणि मूठभर घेतलं.

"घे अजून. धुक्याला शिव्या देताना तोंडात काहीतरी हवं."

साडेअकराला काम सुरू झालं. क्लॉडेटने थेल्माच्या दंडातून रक्त काढलं, आत नेऊन त्यात ते औषध मिसळलं आणि परत आणून टोचलं. सुई काढल्यावर ती जागा दाबून धरायला मला सांगितलं. मी दाबून धरली. वीस मिनिटांनीही कापूस लाल होत होता. क्लॉडेटने ते पाहिलं आणि नवी पट्टी आवळून बांधली.

"आता रात्री दिवा लावायला नको," थेल्मा मला म्हणाली. "मीच लुकलुकेन."

"मग मला झोप कशी लागायची?"

"तुला? तू वादळात झोपतोस."

कॅमेरा म्हणजे टेबलावरून पोटावर येणारी मोठी चपटी पेटी. थेल्मा खाली पडून राहिली आणि ती पेटी आवाज न करता बघत राहिली. तिने काय पाहिलं ते मला आधी कळलं नाही. मग क्लॉडेटने फिल्म उजेडासमोर धरून आम्हाला दाखवली. लिव्हर करड्या ठिपक्यांनी भरलेलं होतं, आणि उजवीकडे एक काळं भोक. जसं काही तिथे काही नव्हतंच.

"हे पहिले फोटो," ती म्हणाली. "कॅन्सर असला तरी सुरुवातीला असंच काळं दिसतं, रक्तवाहिन्यांची गाठ असली तरी असंच. पण त्या गाठीत रक्त हळूहळू मुरतं. दोन तासांनी परत फोटो काढला की ती भरलेली दिसते, सगळ्या लिव्हरपेक्षा उजळ. कॅन्सर काळाच राहतो. म्हणजे खरा फोटो दुसराच. आता सव्वा झालाय. सव्वातीनला या. तोवर खाली कँटीनमध्ये काहीतरी खाऊन घ्या."

शेवटची फेरीबोट साडेतीनला होती. इस्पितळापासून बोटीपर्यंत पाऊण तास. आणि त्या सोमवारी सगळं बेट परत येत होतं. दोनला गाडी रांगेत नसेल तर बोटीत जागा मिळणार नव्हती.

आम्ही बेटावरची माणसं सगळं फेरीच्या वेळेत बसवतो. दात काढणं, कोर्टाची तारीख, प्रेतयात्रा. कुणी जेवणाच्या मध्यातून उठून गेलं तर आम्ही का म्हणून विचारत नाही, घड्याळाकडे बघतो. मी घड्याळाकडे पाहिलं आणि किल्ल्या काढल्या.

"आज जमणार नाही," मी म्हणालो. "दुसरा फोटो नंतर काढू."

"नंतर म्हणजे पहिल्यापासून," क्लॉडेट म्हणाली. "हे औषध उद्यापर्यंत विझून जातं. परत रक्त काढायचं, परत सगळं."

"मग परत सगळं."

थेल्मा टेबलावर उठून बसली होती. पाय खाली सोडलेले, मोजे माझे. "दोनच तास आहेत, लॉर्न," ती म्हणाली. "तू जा. मी आज आयरिसकडे राहते. उद्या येईन फेरीने." आयरिस म्हणजे तिची चुलतबहीण, इस्पितळापासून दोन गल्ल्यांवर राहायची.

"आणि दोर?"

ती मोजे वर ओढायला लागली.

"दोर कोण सोडेल, थेल्मा? मी रसेल होऊ का?"

"दोराला डोळे असतात का रे? त्याला कळतं कुणी सोडला ते?"

"बर्पीला कळतं. त्याला दोन पोरं आहेत."

मी हे म्हणालो. बर्पीचं नाव मधे घातलं, कारण बर्पीसाठी ती नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. ती बर्पीच्या धाकट्याची धर्ममाता होती.

क्लॉडेट एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा तिच्याकडे. "तुम्ही ठरवा," ती थेल्माला म्हणाली. "फोटो तुमचा आहे."

"माझं एकतीस वर्षांपूर्वीच ठरलंय, बाई," थेल्मा म्हणाली आणि हसली. "आण कुठे सही करायची ते."

निघताना तिने शेवाळाची पिशवी क्लॉडेटच्या टेबलावर ठेवली. क्लॉडेटने तिला नव्या तारखेचं कार्ड दिलं. सहा डिसेंबर, सकाळी नऊ.

रांगेत आमची गाडी शेवटून तिसरी होती. मी थेल्माला म्हणालो, "बघ, मिळाली की नाही जागा." ती खिडकीला डोकं लावून झोपली होती.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दोर सोडला. थंडी होती, दोर ताठ झाला होता. तिने दोन्ही हातांनी ओढून तो खुंटावरून काढला आणि बर्पीकडे फेकला. बर्पी ओरडला, "थेल्मा, नेम चुकला, मी अजून कोरडाच आहे!" ती धक्क्यावरून ओरडली, "संध्याकाळपर्यंत थांब!" आम्हाला चांगला तळ मिळाला, कोल्बीच्याही आधी.

संध्याकाळी ती हात टेबलाखाली ठेवून बसली होती. मी हात वर करायला लावले. दोन्ही तळवे जांभळे झाले होते, दोराचा पीळ उमटला होता तसाच्या तसा. पंधरा दिवस ते उतरले नाहीत.

दहा दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. पहिल्या फोटोत काळी जागा आहे, प्लेटलेट्स आणखी उतरल्यात, कॅन्सर असेल तर सहा डिसेंबरपर्यंत थांबणं बरं नाही. आधी प्लेटलेट्सच्या पिशव्या लावू आणि सुईने तुकडा घेऊ. मी म्हणालो, मी येतो. थेल्मा म्हणाली, "तू कशाला? हंगामाचे पहिले आठवडे आहेत. मेव्हिस येईल. ती डॉक्टरांशी भांडेल, तुझ्याने तेवढंही होणार नाही."

मी गेलो नाही.

*

थेल्माला पुरल्यावर बेटावर बोलणं सुरू झालं. कुणी वाईट बोलत नव्हतं. धक्क्यावर, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणायचे, "हट्टी होती. तिच्या आईसारखीच. डॉक्टरांना नाही म्हणून सही करून आली." कुणी म्हणायचे, "कॅन्सरचं नाव ऐकायचं नव्हतं तिला." मी ऐकायचो आणि मान हलवायचो. माझ्यासाठी लोक डबे आणायचे.

मेव्हिस मात्र रागावली होती, आणि तो राग थेल्मावर होता. रविवारी चर्चनंतर ती आईवडिलांच्या थडग्यांपाशी जायची, तिथलं गवत काढायची. थेल्माचं थडगं त्यांच्या शेजारीच, चार पावलांवर. तिकडे ती वळायची नाही. एकदा मी विचारलं.

"तिने मला सांगायला हवं होतं," मेव्हिस म्हणाली. "चोवीस नोव्हेंबरला आम्ही दोघी केक करत होतो. तेव्हाही बोलली नाही की मी फोटो अर्धवट टाकून आले. मला कळलं असतं तर मी तिचे केस धरून परत नेलं असतं. तिला जगायचंच नव्हतं, लॉर्न. मी तिची बहीण, आणि तिने मला एवढंही सांगितलं नाही."

थेल्माने तिला का सांगितलं नाही ते मला माहीत आहे. सांगितलं असतं तर मेव्हिसने मला फाडून खाल्लं असतं. थेल्मा मला वाचवत होती.

मार्चमध्ये मी इस्पितळात गेलो. क्लॉडेटने मला लगेच ओळखलं. तिला बातमी कळली होती. मी म्हणालो, मला तो फोटो हवा आहे. तिने कुणालातरी विचारलं, मग एका मोठ्या पाकिटात घालून नक्कल आणून दिली.

"दुसरा काढला असता तर ती गाठ भरलेली दिसली असती?" मी विचारलं.

"पोट उघडल्यावर जे सापडलं ते बघता, हो," ती म्हणाली. "दिसली असती. मी दरवाजा अडवून उभं राहायला हवं होतं. मी रोज तेच म्हणते."

"तुझी चूक नाही."

"कागदावर सही तिची आहे," ती म्हणाली. "पण किल्ल्या तुमच्या हातात होत्या. मी ते लिहिलं नाही. लिहायला तिथे रकाना नव्हता."

ती चिडून बोलली नव्हती. तिने जे पाहिलं होतं तेच सांगितलं. मी फेरीच्या रांगेत पाकीट मांडीवर ठेवून बसलो आणि ठरवलं की आजच मेव्हिसला सांगायचं. काय सांगायचं तेही ठरवलं. तीन वाक्यं होती. ती राहणार होती. मी तिला दोरासाठी आणलं. सही तिने माझ्यासाठी केली.

मेव्हिस स्वयंपाकघरात होती. खारवलेला मासा आणि बटाटे शिजत होते. मी टेबलावर फिल्म ठेवली. तिने हात पुसले आणि ती खिडकीच्या उजेडासमोर धरली.

"हे काळं?"

"हो."

"एवढंसं दिसतं," ती म्हणाली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिला रडू फुटलं. थेल्मासाठी रडताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं, पुरतानाही नाही. "हेच बघायचं नव्हतं तिला. घाबरली असेल रे. मी तिच्यावर उगाच रागावले. घाबरलेल्या माणसावर कुणी रागावतं का?"

"मेव्हिस," मी म्हणालो.

"तू काही बोलू नकोस. तुझ्या हातात असतं तर तू तिला तिथे बांधून ठेवलं असतंस, मला माहीत आहे. तू तिला कधी कशाला नाही म्हणाला नाहीस, हाच तुझा दोष."

तिने फिल्म खाली ठेवली आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. मासा, बटाटे, काकवीचा पाव. माझ्या तोंडात पहिलं वाक्य तयार होतं. मी काटा उचलला आणि जेवलो. तिने परत वाढलं, तेही जेवलो.

पुढच्या रविवारी ती थेल्माच्या थडग्यापाशी गेली. फुलं ठेवली. वाकून दगडाला काहीतरी म्हणाली, बहुतेक माफ केलं असं. मी फाटकापाशी उभा होतो.

यंदा पिंजरे टाकायच्या दिवशी मी बोट काढली नाही. दोर सोडायला कुणी नाही, असं मी लोकांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं. मेव्हिस म्हणाली, "मी सोडते की. मी घरचीच आहे." मी नको म्हणालो. बर्पी आता कोल्बीच्या बोटीवर जातो. पहाटे भोंगा झाला तेव्हा मी धक्क्यावर होतो. सगळ्या बोटी गेल्या.

फिल्म स्वयंपाकघरातल्या कपाटावर आहे. सहा डिसेंबरचं कार्ड फ्रीजवर आहे, ते मी काढलेलं नाही. मेव्हिस बुधवारी जेवण घेऊन येते, थेल्माबद्दल बोलते, तिच्या भित्रेपणाबद्दल आता मायेने बोलते. थेल्मा भित्री नव्हती.

मेव्हिसला मी अजून सांगितलेलं नाही.